अनेक डोमेन, दोन फॉरेस्ट : एडीएफएसचा एकच फार्म पुरेल की वेगवेगळे करावे लागतील?

प्रश्न

विंडोज सर्व्हर २०२२ वर एडीएफएस (एकाच लॉगिनने अनेक अ‍ॅप्लिकेशन वापरू देणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) नव्याने उभारायचं आहे. मुख्य फॉरेस्टमध्ये (एकत्र बांधलेल्या डोमेनचा समूह) जवळपास रिकामं मूळ डोमेन आहे आणि त्याखाली दोन चाइल्ड डोमेन, एकात ६,५०० वापरकर्ते, दुसऱ्यात ४,०००. याशिवाय नंतर विकत घेतलेल्या कंपनीचं स्वतंत्र फॉरेस्ट आहे, त्यात १,५०० वापरकर्ते. डेटा सेंटर दोन, मधली लिंक चांगली. एंट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली ओळख-सेवा) धरून साधारण ४० अ‍ॅप्लिकेशन फेडरेट करायची आहेत (म्हणजे त्यांचं लॉगिन एडीएफएसकडे सोपवायचं), बहुतेक सॅमलवर (सही केलेल्या टोकनने ओळख पटवायचं मानक) चालणारी.

फार्म (एकत्र चालणाऱ्या एडीएफएस सर्व्हरचा संच) मूळ डोमेनमध्ये ठेवावा की सर्वांत मोठ्या चाइल्ड डोमेनमध्ये? प्रत्येक डोमेनला वेगळा फार्म लागतो का? डेटाबेससाठी डब्ल्यूआयडी (विंडोजसोबतच येणारा डेटाबेस) पुरेल की एसक्यूएल घ्यावं? दुसऱ्या फॉरेस्टशी सध्या एकतर्फी ट्रस्ट आहे: आमचं फॉरेस्ट त्यांच्यावर विश्वास ठेवतं, त्यांचं आमच्यावर नाही. आणि सगळीकडचे यूपीएन (ईमेलसारखं दिसणारं लॉगिनचं नाव) .लोकल ने संपतात. यातलं आधी काय सोडवायचं?

उत्तर १

डोमेनगणिक फार्म लागत नाही. एका फॉरेस्टमधल्या डोमेनमध्ये दुतर्फी ट्रान्झिटिव्ह (एकामार्फत दुसऱ्यापर्यंत पोचणारा) ट्रस्ट आपोआप असतो, त्यामुळे मुख्य फॉरेस्टच्या १०,५०० जणांसाठी एकच फार्म बिनघोर चालतो. अट एवढीच की फार्ममधले सगळे सर्व्हर एकाच डोमेनचे सदस्य हवेत. दोन सर्व्हर या चाइल्डमध्ये आणि दोन त्या चाइल्डमध्ये, असं वाटून ठेवता येत नाही.

डोमेन निवडताना वापरकर्ते कुठे जास्त आहेत हे बघू नका, सर्व्हरवर ताबा कोणाचा राहील ते बघा. टोकन सही करणारी खासगी की ज्याच्या हाती लागेल तो कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने, पासवर्ड न वापरता, एमएफए (पासवर्डखेरीजची दुसरी तपासणी) ओलांडून टोकन बनवू शकतो. गोल्डन सॅमल म्हणतात तो हल्ला हाच, आणि २०२० मध्ये सोलारविंड्स प्रकरणातही हल्लेखोरांनी ही वाट वापरली. म्हणून एडीएफएस सर्व्हरना डोमेन कंट्रोलरइतकाच (डोमेनमधली लॉगिन तपासणारा सर्व्हर) बंदोबस्त हवा. चाइल्ड डोमेनमध्ये हेल्पडेस्कला सर्व्हरच्या ओयूवर (डोमेनमधला विभाग) अधिकार असतील, कुणी ग्रुप पॉलिसी जोडू शकत असेल, तर मूळ डोमेन बरं. तिथे माणसं कमी, अधिकार मोजके.

डीकेएम कंटेनरकडेही लक्ष द्या. सही करणाऱ्या सर्टिफिकेटची खासगी की एडीएफएसच्या डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवलेली असते, पण ते एन्क्रिप्शन उघडणारी की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, प्रोग्रॅम डेटाच्या खाली मायक्रोसॉफ्ट आणि त्याखाली एडीएफएस या कंटेनरमध्ये असते. फक्त डेटाबेसचा बॅकअप घेतलात तर रिस्टोअर करताना अडाल. त्या कंटेनरवरच्या वाचण्याच्या परवानग्या तपासा आणि त्याचं ऑडिट चालू ठेवा.

सर्व्हरची संख्या: १,००० ते १५,००० वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा नियोजनाचा आकडा दोन फेडरेशन सर्व्हर आणि दोन प्रॉक्सी (बाहेरून आलेल्या विनंत्या आत पोचवणारे सर्व्हर) असा आहे. तुमचे एकूण १२,००० त्यात बसतात. म्हणजे भारासाठी दोन पुरे. पण एक डेटा सेंटर बंद असतानाच दुसरीकडच्या सर्व्हरला पॅच लावायची वेळ आली तर एकही उरणार नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन एडीएफएस आणि दोन वेब अ‍ॅप्लिकेशन प्रॉक्सी, एकूण आठ मशीन. प्रत्येकी ४ कोअर, ८ जीबी रॅम दिली तर या संख्येला हात आखडता राहत नाही.

डब्ल्यूआयडी पुरेल. १०० पर्यंत रिलाइंग पार्टी ट्रस्ट (फार्मवरची प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची नोंद) असतील तर डब्ल्यूआयडीवर ३० सर्व्हरपर्यंतचा फार्म चालतो. १०० च्या वर ट्रस्ट गेले, किंवा सॅमल आर्टिफॅक्ट रिझोल्यूशन अथवा टोकन रिप्ले डिटेक्शन हवं असेल, तर एसक्यूएल. ४० अ‍ॅप्लिकेशनसाठी एसक्यूएल क्लस्टर म्हणजे सांभाळायला आणखी एक चीज, आणि लॉगिन अडकायला आणखी एक जागा.

डब्ल्यूआयडीमध्ये प्रायमरी एकच असतो, बाकीचे दर ५ मिनिटांनी त्याच्याकडून बदल ओढतात. प्रायमरी पडला तरी लॉगिन चालू राहतं, अडतात ते कॉन्फिगरेशनचे बदल. तेव्हा सेट-एडीएफएस-सिंक-प्रॉपर्टीज वापरून एका सेकंडरीला प्रायमरीची भूमिका द्यायची आणि उरलेल्यांना नव्या प्रायमरीचं नाव सांगायचं. जुना प्रायमरी परत सुरू झाला की त्याला तेवढ्यातच सेकंडरी करा. नाहीतर दोन प्रायमरी होतात, एकावर केलेला बदल काही सर्व्हरना कळतच नाही, आणि एकच अ‍ॅप्लिकेशन चार वेळा चालतं, पाचव्यांदा नाकारतं.

उत्तर २

सर्व्हरच्या संख्येवरून एडीएफएस क्वचितच अडतं. अनेक डोमेन असलेल्या नेटवर्कमध्ये ते अडतं नावांवरून, म्हणून इन्स्टॉलरला हात लावण्याआधी नावं पक्की करा.

पहिलं फार्मचं नाव. ते सार्वजनिक डोमेनच्या प्रत्ययाचं हवं, कारण .लोकल साठी सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही. कोणत्याही मशीनचं नाव फार्मला देऊ नका. डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (नावाला थेट पत्ता) करा, सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) नको. सीनेम असलं तर ब्राउझर मूळ नावासाठी केर्बेरॉस (विंडोजची ओळख पटवायची पद्धत) तिकीट मागतो, त्या नावाचा एसपीएन (सेवेचं नोंदवलेलं नाव) एडीएफएसच्या खात्यावर नसतो, आणि पासवर्डची खिडकी पुन्हापुन्हा उघडते. आतला डीएनएस आतल्या लोड बॅलन्सरचा पत्ता देईल, बाहेरचा प्रॉक्सीचा. नाव दोन्हीकडे तेच.

सर्व्हिस खातं जीएमएसए (ज्याचा पासवर्ड डोमेन आपणहून सांभाळतं असं खातं) घ्या. त्यासाठी आधी फॉरेस्टमध्ये केडीएस रूट की (ज्यावरून ते पासवर्ड बनतात ती) लागते, आणि ती बनवल्यावर १० तास थांबावं लागतं, म्हणजे सगळ्या डोमेन कंट्रोलरपर्यंत ती पोचते. तारीख मागे टाकून ते १० तास चुकवायची युक्ती चाचणीच्या नेटवर्कपुरती ठीक. अनेक डोमेनच्या फॉरेस्टमध्ये ती केली तर ज्या कंट्रोलरकडे की पोचलेली नाही तो जीएमएसएचा पासवर्ड देऊ शकत नाही. फार्मच्या नावाचा होस्ट प्रकारचा एसपीएन याच खात्यावर हवा, आणि फॉरेस्टभरात एकदाच. सेटएसपीएन -एक्स -एफ चालवलं की पूर्ण फॉरेस्टमधले दुहेरी एसपीएन दिसतात. -एफ विसरलात तर फक्त चालू डोमेन तपासलं जातं आणि दुसऱ्या चाइल्डमधलं दुहेरी नाव तसंच राहून जातं.

आता यूपीएन. डोमेन्स अँड ट्रस्ट्समध्ये फॉरेस्ट पातळीवर सार्वजनिक प्रत्यय जोडा आणि मग वापरकर्त्यांचे यूपीएन बदला. प्रत्यय जोडल्याने कुणाचाही यूपीएन आपोआप बदलत नाही, तो प्रत्येक खात्यावर बदलावा लागतो. शक्य तितका ईमेलसारखाच ठेवा, लोकांच्या तोंडी तोच असतो.

दोन्ही फॉरेस्टमध्ये एकच प्रत्यय कधीही नोंदवू नका. फॉरेस्ट ट्रस्टवर नेम सफिक्स राउटिंग नावाचा टॅब असतो. कोणता प्रत्यय कोणत्या फॉरेस्टकडे पाठवायचा ते तिथे ठरतं, आणि एक प्रत्यय एकाच दिशेला जातो. दोन्हीकडे तोच असेल तर संघर्ष दाखवून एका बाजूचं राउटिंग बंद राहतं. मग दुसऱ्या फॉरेस्टचा माणूस बाहेरून फॉर्मवर यूपीएन टाकतो आणि त्याला पासवर्ड चुकला असं उत्तर मिळतं. तोच माणूस डोमेन, उलटी तिरकी रेघ आणि वापरकर्तानाव असं टाकतो तेव्हा आत जातो. ही जोडी दिसली की पासवर्ड रिसेट करत बसू नका, सरळ तो टॅब उघडा. ट्रस्ट झाल्यानंतर जोडलेले नवे प्रत्ययही तिथे जाऊन हाताने चालू करावे लागतात.

यूपीएन बदलणं शक्यच नसेल तर ऑल्टरनेट लॉगिन आयडी आहे: ओळखीसाठी मेल अ‍ॅट्रिब्यूट वापरायचं आणि लुकअप फॉरेस्टच्या यादीत दोन्ही फॉरेस्ट लिहायची. पण ते मूल्य सगळ्या फॉरेस्टमध्ये मिळून एकमेव हवं. एकाच माणसाची दोन्हीकडे खाती असून दोन्हींवर तोच मेल असेल (कंपनी विकत घेतल्यावर हे हटकून होतं) तर एडीएफएस कोणतंही एक निवडत नाही, लॉगिनच नाकारतं. आधी दुहेरी मेलची यादी काढा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. यूपीएन प्रत्यय दोन्ही फॉरेस्टना वेगवेगळेच ठेवतो. एकतर्फी ट्रस्टचं मात्र अजून उलगडत नाही. त्यांचे वापरकर्ते आमच्या फाइल सर्व्हरवर आत्ताही येतात, ट्रस्ट त्याच दिशेचा आहे. मग एडीएफएसला तेवढा का पुरू नये?

उत्तर ३

फाइल सर्व्हरला फक्त एवढंच कळायला हवं की हा माणूस खरा आहे. एडीएफएसला त्यापुढे जाऊन त्या माणसाचा ईमेल, विभाग, यूपीएन ही अ‍ॅट्रिब्यूट त्याच्या स्वतःच्या डोमेन कंट्रोलरकडून एलडॅपने (डिरेक्टरी वाचायची पद्धत) वाचायची असतात, आणि ती तो आपल्या सर्व्हिस खात्याच्या नावाने वाचतो. ते खातं तुमच्या फॉरेस्टचं, आणि त्यांचं फॉरेस्ट तुमच्या खात्यांना ओळखत नाही. म्हणून पासवर्ड बरोबर ठरतो, पण पुढचं वाचन फसतं. वापरकर्त्याला मोघम चूक दिसते आणि एडीएफएसच्या अ‍ॅडमिन लॉगमध्ये इव्हेंट ३६४ पडतो.

वाटा तीन आहेत. सर्वांत सोपी म्हणजे ट्रस्ट दुतर्फी करणं. त्यांच्या सुरक्षा विभागाला ते मोकळं नको असेल तर त्यांच्या बाजूला सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन लावता येतं. मग तुमच्या जीएमएसएला त्यांच्या डोमेन कंट्रोलरच्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टवर ‘अलाउड टू ऑथेंटिकेट’ ही परवानगी द्यावी लागते, आणि प्रत्येक कंट्रोलरवर. एकावर राहून गेली की लॉगिन कधी होतं, कधी नाही, कारण एडीएफएस कोणत्या कंट्रोलरकडे जाईल ते दरवेळी सारखं नसतं. नवा कंट्रोलर उभारतानाच्या यादीत ही ओळ घालून ठेवायला सांगा.

तुमच्या बाजूचा ट्रस्टही सिलेक्टिव्ह असेल तर उलट दिशेलाही तेच: त्यांच्या वापरकर्त्यांच्या ग्रुपला तुमच्या एडीएफएस सर्व्हरवर आणि ज्या खात्यावर एसपीएन आहे त्या जीएमएसएवर ही परवानगी हवी. केर्बेरॉस तिकीट त्या खात्यासाठी निघतं, मशीनसाठी नाही. सहसा सर्व्हरवर देऊन जीएमएसए विसरलं जातं.

दुसरी वाट, त्यांच्या फॉरेस्टमध्ये छोटा स्वतंत्र फार्म आणि तुमच्या फार्मवर त्याचा क्लेम्स प्रोव्हायडर ट्रस्ट (त्यांच्या फार्मचं टोकन मान्य करायची नोंद). विंडोज ट्रस्टची गरजच उरत नाही, दोन फार्ममध्ये फक्त एचटीटीपीएस चालतं. पुढे ती कंपनी पुन्हा वेगळी होण्याची शक्यता असेल, किंवा त्यांचे अ‍ॅडमिन वेगळेच राहणार असतील, तर हीच वाट घ्यावी. त्या ट्रस्टवर ऑर्गनायझेशनल अकाउंट सफिक्स भरा, म्हणजे त्यांचा प्रत्यय टाइप केला की माणूस थेट तिकडे जातो, कंपनी निवडायची यादी दिसत नाही.

यात एक नियम चुकवू नका. क्लेम (टोकनमधली वापरकर्त्याची माहिती) स्वीकारताना यूपीएन आणि ईमेल ‘सगळी मूल्यं पुढे जाऊ द्या’ असं ठेवू नका, फक्त त्यांच्या प्रत्ययाची मूल्यं जाऊ द्या. तयार साच्यात हा पर्याय आहे. नाहीतर त्यांच्या फार्मचा कोणताही अ‍ॅडमिन तुमच्या प्रत्ययाचा यूपीएन घालून टोकन पाठवेल आणि तुमचा फार्म ते खरं मानून अ‍ॅप्लिकेशनला पुढे देईल.

तिसरी वाट, २०१६ पासून त्यांची डिरेक्टरी एलडॅप प्रोव्हायडर म्हणून जोडता येते. पण त्यात फक्त फॉर्मवरचं लॉगिन चालतं, ऑफिसमध्ये बसून आपोआप साइन-इन होत नाही. १,५०० माणसांना दिवसातून अनेकदा पासवर्ड टाइप करायला लावणं बरं नाही.

तुमच्या आकड्यांवरून मी दुतर्फी ट्रस्ट आणि एकच फार्म घेतला असता. ही वाट घेतलीत तर फायरवॉलचं एक लक्षात ठेवा: एडीएफएस सर्व्हरना स्वतःच्या डोमेनचेच नाही, प्रत्येक वापरकर्ता डोमेनचे कंट्रोलर दिसले पाहिजेत. ५३, ८८, १३५, ३८९, ४४५, ३२६८ आणि आरपीसीची ४९१५२ पासून पुढची रेंज. एकाच डोमेनचे सगळे वापरकर्ते अडत असतील तर आधी इथे बघा.

उत्तर ४

वर ग्रुपचा विषय निघाला नाही, तो निघायला हवा. ग्रुपचं नाव क्लेम म्हणून पाठवताना साच्यात टोकन-ग्रुप्सचे पर्याय येतात, त्यात ‘अनक्वालिफाइड नेम्स’ सोपा वाटतो आणि बहुतेक जण तोच घेतात. एकाच डोमेनमध्ये चालूनही जातो. अनेक डोमेनमध्ये मात्र ‘पेरोल-अ‍ॅडमिन’ नावाचा ग्रुप दोन्ही चाइल्डमध्ये असू शकतो आणि टोकनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. एवढंच काय, ज्याला स्वतःच्या डोमेनमध्ये ग्रुप बनवायचा अधिकार आहे तो त्या नावाचा ग्रुप बनवून, त्यात स्वतःला घालून, दुसऱ्या डोमेनच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये अ‍ॅडमिन होऊ शकतो. ‘क्वालिफाइड बाय डोमेन नेम’ घ्या, किंवा ग्रुपचा एसआयडी (एकमेव ओळख क्रमांक) तपासून ठरलेलं मूल्य पाठवा.

नेम आयडीचंही (टोकनमधली वापरकर्त्याची ओळख) तसंच. सॅम अकाउंट नेम डोमेनपुरतं एकमेव असतं, फॉरेस्टभर नाही. तोच नेम आयडी दिला तर दोन वेगळी माणसं एकाच खात्यात उतरतात.

एंट्राकडे जाणाऱ्या ओळखीसाठी ऑब्जेक्ट जीयूआयडी (डिरेक्टरी खात्याला आपोआप देते तो क्रमांक) वापरू नका, एमएस-डीएस-कन्सिस्टन्सी-जीयूआयडी वापरा. चाइल्डमधून चाइल्डमध्ये माणूस हलवला तर ऑब्जेक्ट जीयूआयडी टिकतो, पण त्या दुसऱ्या फॉरेस्टमधून तुमच्याकडे हलवला की नवा होतो आणि क्लाउडमधल्या खात्याशी जोड तुटते. तुम्हाला ती १,५०० माणसं कधी ना कधी हलवायची असतील, तर हे आजच ठरवा.

एंट्रामध्ये एकाहून जास्त डोमेन फेडरेट करताना प्रत्येकाचा इश्युअर (टोकन कोणी दिलं ते सांगणारं नाव) वेगळा लागतो. एडीएफएसवरचा नियम वापरकर्त्याच्या यूपीएनच्या प्रत्ययावरून तो बनवतो. एखादं उप-डोमेन एंट्रात वरच्या डोमेनखाली असेल तर ते फेडरेशनची मांडणी वरच्याकडून घेतं, म्हणून नियमाने वरच्याचाच इश्युअर बनवायला हवा. नाही बनवला तर एएडीएसटीएस ५०१०७ ही चूक येते, आणि ती फक्त उप-डोमेनवाल्यांनाच येते.

उत्तर ५

नेटवर्क आणि सर्टिफिकेटच्या बाजूचं लिहितो.

प्रॉक्सी डीएमझेडमध्ये (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांमधला वेगळा भाग), डोमेनला न जोडता. प्रॉक्सी ते एडीएफएस फक्त ४४३. मधल्या लोड बॅलन्सरवर टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) उघडू नका, तसंच पुढे जाऊ द्या. प्रॉक्सी स्वतःची ओळख क्लायंट सर्टिफिकेटने देतो. मध्ये कुणी टीएलएस उघडलं की ते सर्टिफिकेट एडीएफएसपर्यंत पोचत नाही आणि प्रॉक्सीचा ट्रस्ट तुटतो. हे ट्रस्टचं सर्टिफिकेट दोन आठवड्यांचं असतं आणि आपोआप नवं होत राहतं. दुसऱ्या डेटा सेंटरचे प्रॉक्सी महिनाभर बंद ठेवून ऐन संकटात चालू केले तर ते चालणार नाहीत, ट्रस्ट पुन्हा जोडावा लागेल. राखीव प्रॉक्सी म्हणून बंद ठेवू नयेत, थोडा भार देऊन चालूच ठेवावेत.

हेल्थ चेक ४४३ वर लावू नका, अनेक लोड बॅलन्सरची तपासणी एसएनआय (जोडणीच्या सुरुवातीला सांगायचं साइटचं नाव) पाठवत नाही आणि चांगला सर्व्हरही पडलेला दिसतो. एडीएफएस आणि प्रॉक्सी दोन्हींवर पोर्ट ८० ला /एडीएफएस/प्रोब हा पत्ता त्यासाठीच आहे, २०० उत्तर आलं की सर्व्हर धड. फार्ममधल्या सर्व्हरमध्ये आपसातही पोर्ट ८० उघडं हवं: डब्ल्यूआयडीचं सिंक त्यावरून जातं आणि एक्स्ट्रानेट स्मार्ट लॉकआउटची (बाहेरून टाकलेले चुकीचे पासवर्ड मोजून अडवणारी सोय) मोजणीही.

लॉकआउटचा आकडा डोमेनच्या लॉकआउटपेक्षा कमी ठेवा. डोमेन १० चुकांवर खातं बंद करत असेल तर एडीएफएसवर ५ ठेवा, म्हणजे बाहेरच्या हल्ल्याने माणसाचं ऑफिसमधलं लॉगिन बंद पडणार नाही. अनेक डोमेन असतील तर प्रत्येक डोमेनचा धोरणाचा आकडा वेगळा असू शकतो. एडीएफएसवर एकच आकडा असतो, म्हणून सर्वांत कमी असलेल्या डोमेनच्याही खाली जा. आणि एक्स्ट्रानेट-लॉकआउट-रिक्वायर-पीडीसी हे फॉल्स ठेवा. ट्रू असेल तर त्या वापरकर्त्याच्या डोमेनचा पीडीसी (मुख्य डोमेन कंट्रोलर) दिसेनासा झाल्यावर त्या डोमेनचं बाहेरून होणारं सगळं लॉगिन थांबतं.

टोकन सहीचं सर्टिफिकेट डीफॉल्टने ३६५ दिवसांचं असतं. संपायच्या २० दिवस आधी एडीएफएस नवं बनवतं आणि ५ दिवसांनी तेच प्रायमरी करतं. म्हणजे जी अ‍ॅप्लिकेशन मेटाडेटा आपणहून वाचत नाहीत त्यांना नवं सर्टिफिकेट द्यायला हातात पाचच दिवस. ४० पैकी अशी किती आहेत याची यादी आत्ता करा. ती जास्त असतील तर ऑटो रोलओव्हर बंद करून, मोठ्या मुदतीचं सर्टिफिकेट घेऊन, बदलाची तारीख सगळ्या अ‍ॅप्लिकेशन मालकांना आधी कळवणं जास्त सुरक्षित.

प्रश्नकर्ता

चाचणीत एक विचित्र गोष्ट दिसते आहे. मोठ्या चाइल्ड डोमेनच्या मोजक्याच लोकांना ऑफिसमधून उघडताना ‘बॅड रिक्वेस्ट ४००’ येतं. त्यांनाच घरून, प्रॉक्सीमार्गे फॉर्मवरून आत जाता येतं. इव्हेंट लॉगमध्ये एडीएफएसची एकही नोंद नाही.

उत्तर ३

नोंद नाही याचा अर्थ विनंती एडीएफएसपर्यंत पोचलीच नाही, त्याआधी विंडोजच्या एचटीटीपी.सिस ने ती परतवली. ती माणसं बहुधा खूप ग्रुपमध्ये आहेत, किंवा जुन्या डोमेनमधून हलवताना त्यांच्यावर एसआयडी हिस्टरी (जुन्या डोमेनमधले ओळख क्रमांक) राहिली आहे. दोन्हींमुळे केर्बेरॉस तिकीट फुगतं, ते हेडरमध्ये जाताना आणखी मोठं होतं आणि मर्यादेपलीकडे जातं. घरून फॉर्म असतो, हेडरमध्ये तिकीट नसतं, म्हणून चालतं.

एडीएफएस सर्व्हरवर रजिस्ट्रीत एचटीटीपी सेवेच्या पॅरामीटर्सखाली मॅक्स-फील्ड-लेंग्थ आणि मॅक्स-रिक्वेस्ट-बाइट्स ही दोन मूल्यं वाढवा. दोन्ही एकत्र वाढवायची, पहिलं ६५५३४ च्या वर जात नाही. त्यानंतर सर्व्हर रीस्टार्ट करा, एक एक करून, लोड बॅलन्सरमधून बाहेर काढून. हे चारही सर्व्हरवर सारखं हवं, नाहीतर तीच माणसं एका सर्व्हरवर चालतील आणि दुसऱ्यावर अडतील. त्यानंतर त्या वापरकर्त्यांवरची एसआयडी हिस्टरी अजून कुठल्या फाइल सर्व्हरला लागते का ते तपासा, आणि लागत नसेल तर काढून टाका.